कौलारू घराच्या माळ्यावर खोली: गोव्याच्या हवेत कोणतं इन्सुलेशन, कुठे आणि किती

माळ्यावर राहती खोली करायची ठरली की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘इन्सुलेशन कोणतं चांगलं?’ हा. खरं म्हणजे त्याचा नंबर बराच खाली लागतो. इंटरनेटवर सापडणारा बहुतेक सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेला असतो. तिथे घरातली ऊब बाहेर निसटू द्यायची नसते, म्हणून वाशांमध्ये लोकर ठासून भरतात आणि आतल्या बाजूने प्लास्टिकचा कागद ताणतात. गोव्यात उष्णता वरून येते आणि दमट हवा बाहेरून. त्यात पणजीला वर्षाकाठी ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, आणि सत्तरी-सांगे या आतल्या तालुक्यांत त्याहून जास्त. तो सल्ला इथे जसाच्या तसा उचलला, तर लाकूड ओलं होऊन बंद जागेत कुजतं आणि ते कुजल्याचं छत उघडेपर्यंत कळतही नाही.

म्हणून इथला क्रम असा ठेवा: आधी पावसाचं पाणी, मग छपराखालचा वारा, मग कौलांची धग, आणि शेवटी इन्सुलेशनची जाडी. पुढचा सगळा लेख मंगळुरी कौलं आणि लाकडी वासे असलेल्या जुन्या घरांना धरून आहे. तिरक्या काँक्रीट स्लॅबवर कौलं लावलेल्या नव्या घरांचं काम सोपं असतं. तिथे स्लॅबच्या वर वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिमी एक्सपीएस (दाट पॉलिस्टायरिन फोमचा बोर्ड), मग रिपा (कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या) आणि कौलं. आतून काही चिकटवायच्या भरीस पडू नका.

एसी लागणार का, हे आधी ठरवा

सगळी रचना या एका उत्तरावर बदलते. पावसाळ्यात बाहेरची हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर त्या हवेतलं बाष्प २६ अंशांच्या जवळपास पोचलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी होऊन जमतं. एसी २४ वर लावलेल्या खोलीचं छत याहून थंड असतं. म्हणजे बाहेरची दमट हवा इन्सुलेशनमधल्या फटींतून त्या थंड बोर्डाच्या पाठीपर्यंत पोचली की तिथे थेंब धरणारच. मग लोक कौलं गळतात म्हणून कामगार बोलावतात, आणि गळती सापडत नाही.

एसी असेल तर बाष्प अडवणारा थर इन्सुलेशनच्या वरच्या, म्हणजे कौलांकडच्या बाजूला हवा आणि त्याचे सांधे टेपने बंद हवेत. आतल्या बाजूला मात्र श्वास घेणारा बोर्ड आणि साधा पाण्याचा रंग ठेवा. ऑइलपेंट, व्हिनाइल वॉलपेपर, प्लास्टिकचा कागद यांतलं काही नको. एसी नसेल, खिडक्या आणि पंख्यावर भागणार असेल, तर बाष्पाची एवढी काळजी नाही, पण त्रिकोणी भिंतींत समोरासमोर दोन खिडक्या हव्याच. आज एसी नको म्हणणारे दोन उन्हाळ्यांनी घेतात, असा सर्वसाधारण अनुभव असल्यामुळे रचना एसी धरूनच करावी, असं आमचं मत.

लाकूड आणि पाणी तपासा

गळती शोधायची वेळ ऑगस्ट. त्या महिन्यात माळ्यावर टॉर्च घेऊन फिरा आणि जिथे ओल दिसेल तिथे वाशावर खडूने खूण करा. डिसेंबरात सगळं कोरडं दिसतं आणि काहीच सापडत नाही. आढं, दोन पाखी (छपराचे उतार) जुळतात त्या खोलगट कोनातली पन्हळ, आणि कौलं जिथे भिंतीला टेकतात ती कडा, या तीन जागांवर जास्त लक्ष ठेवा.

वासे माट्टीचे, किंदळाचे, सागाचे की माडाचे, ते पाहा. प्रत्येकाला टोकदार पेचकसाने टोचा, विशेषतः भिंतीत शिरतो तिथे. पेचकस सहज आत गेला तर तो वासा बदला. त्यावर इन्सुलेशन चढवू नका. ओलावा मोजायचं पिनांचं मीटर स्वस्तात मिळतं. लाकडाचा ओलावा १८ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय कोणतंही आच्छादन नको, कारण २० टक्क्यांच्या पुढे बुरशीला मोकळं रान मिळतं. जानेवारी-फेब्रुवारीत हा आकडा सहसा गाठता येतो.

वाळवी आणि भुंग्यासाठी बोरॅक्स व बोरिक ॲसिडचं पाण्यातलं द्रावण दोनदा मारा. काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी पद्धत लाकडासाठी चांगली, पण ते तेल किंवा टर्पेंटाइनमधलं कोणतंही औषध पूर्ण सुकल्याशिवाय थर्मोकोल किंवा एक्सपीएस जवळ आणू नका. सॉल्व्हंटने हे फोम विरघळतात.

कौलांखाली जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. त्यांना ड्रिल मारू नका, कापू नका, घासू नका. काढायचे असतील तर ओले करून अख्खे उतरवा.

माळ्याची जमीन वेगळी तपासायला हवी. जुने माळे नारळ, भात, लाकूडफाटा ठेवायला बांधलेले असतात. राहत्या खोलीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चलभार (माणसं आणि सामानाचं वजन) धरतात. तुळया तेवढ्या पेलतात का, हे इंजिनिअरकडून बघून घ्या. वापर बदलतोय आणि भिंत किंवा छपराची उंची वाढणार असेल, तर पंचायत किंवा पालिका आणि नगरनियोजन खात्याची परवानगी आधी.

उष्णता किती येते, एक ढोबळ हिशेब

मे महिन्यात दुपारी कौल ६० अंशांच्या आसपास तापतं आणि खोली ३० अंशांवर ठेवायची आहे, असं धरू. नुसत्या कौलांखाली दर चौरस मीटरला साधारण १२० वॅट उष्णता आत येते. छप्पर ५० चौरस मीटरचं असेल तर ६ किलोवॅट. एक टनाचा एसी ३.५ किलोवॅट उष्णता काढतो, म्हणजे पावणेदोन टन एसी फक्त छपराशी झुंजण्यात खर्च. २५ मिमी एक्सपीएस घातलं तर हे ६ किलोवॅट दीडवर येतात. ५० मिमीने पाऊणवर. १०० मिमीने अर्ध्याच्या खाली.

या आकड्यांतच जाडीचं उत्तर आहे. पहिले २५ मिमी जवळपास सगळं काम करतात, पुढचे २५ एसीच्या बिलात दिसतात, आणि ५० च्या पुढचे फक्त खोलीची उंची खातात. निवासी घरांसाठीच्या केंद्राच्या ‘इको निवास संहिता २०१८’मध्ये छपराचा यू-व्हॅल्यू (छपरातून किती उष्णता आरपार जाते त्याचं माप, कमी तेवढं चांगलं) १.२ पेक्षा जास्त नसावा असं आहे. २५ मिमी एक्सपीएसने तो १ च्या आत येतो, ५० मिमीने ०.५ च्या आसपास.

‘उत्तरेकडचं पाखं सावलीत असतं, तिकडे नाही घातलं तरी चालेल’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. गोवा १५ अंश अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेला असतो. नेमक्या मे महिन्याच्या काहिलीत उत्तर पाखं पुरेपूर तापतं.

आणखी एक जागा लोक विसरतात, ती म्हणजे काचेची कौलं. माळ्यावर सामान होतं तोवर उजेडाला ती बरी होती. खोलीत मात्र प्रत्येक काचेचं कौल म्हणजे उन्हाचा उघडा दरवाजा, खाली कितीही जाड इन्सुलेशन असो. ती काढा, किंवा जिन्यावर एखादं ठेवा.

साहित्य: काय घ्यावं, काय टाळावं

दुकानदार आर-व्हॅल्यू, म्हणजे माल उष्णता किती अडवतो त्याचं माप, सांगतात. ती कोणत्या मापात आहे हे विचारा. आयात मालावर अमेरिकन माप छापलेलं असतं आणि ते मेट्रिकच्या ५.६८ पट दिसतं. ‘आर १०’ लिहिलेला माल मेट्रिकमध्ये १.७६ भरतो. त्यापेक्षा के-व्हॅल्यू (मालातून उष्णता किती सहज जाते ते) विचारा आणि स्वतः भागाकार करा: जाडी मीटरमध्ये, भागिले के-व्हॅल्यू. ५० मिमी एक्सपीएससाठी ०.०५ भागिले ०.०३ म्हणजे १.६७.

*चकाकता फॉइल, बबल असलेला किंवा विणलेला.* हा जाडीने नाही, चकाकीने काम करतो. तापलेल्या कौलाची धग तो खाली सोडत नाही. त्यासाठी त्याच्या चकाकत्या बाजूसमोर किमान २५ मिमी मोकळी हवा लागते. कौलाला किंवा बोर्डाला चिकटून लावला तर तो साधा पातळ कागद. वर तोंड करून ठेवलेल्या चकाकीवर कौलांची माती, वटवाघळांची लीद बसते आणि दोन-चार वर्षांत ती मरते. म्हणून दोन्ही बाजूंनी चकाकणारा घ्या. एकच बाजू असेल तर चकाकी खाली ठेवा. खाली तोंड असलं तरी धग तेवढीच अडते, कारण तापलेला फॉइल खाली किरण टाकायलाच नाखूश असतो. चाचणी प्रमाणपत्रात एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती धग किरणांनी टाकतो त्याचं माप) ०.०५ किंवा कमी आहे का ते पाहा. मोरजीपासून कोलव्यापर्यंतच्या किनारपट्टीवर खारी हवा ॲल्युमिनियम खाते, म्हणून तिथे वर लाखेचा पातळ लेप असलेला फॉइल लागतो. तुकडा मिठाच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवा. चकाकी काळवंडली किंवा थर सुटले तर तो घेऊ नका.

*एक्सपीएस बोर्ड.* के-व्हॅल्यू ०.०३ च्या आसपास, घनता घनमीटरला ३० ते ३५ किलो, पाणी जवळजवळ पीत नाही. साधारण १२५० × ६०० मिमीचे बोर्ड मिळतात. गोव्यातल्या माळ्यासाठी आमची पहिली पसंती हीच, मुख्यतः एखाद्या पावसात गळलंच तरी बिघडत नाही म्हणून. ७५ अंशांच्या वर हा मऊ पडतो, तेव्हा कौलांना थेट टेकवू नका. जळतो, म्हणून उघडा ठेवायचा नाही.

*पीआयआर किंवा पीयूएफ बोर्ड.* पॉलियुरेथेनच्या कुळातले कडक फोम. के-व्हॅल्यू ०.०२२ ते ०.०२४, म्हणजे ४० मिमीत ५० मिमी एक्सपीएसचं काम. दोन्ही बाजूंना फॉइल असेल तर बाष्पाचा थर आयता मिळतो. उंची जिथे बोटाबोटाने मोजावी लागते तिथे घ्या. महाग आहे, आणि कापलेल्या कडा फॉइल-टेपने झाकल्या नाहीत तर हळूहळू ओल धरतो.

*रॉकवूल.* दगड वितळवून काढलेल्या धाग्यांची लोकर. ५० मिमी, घनता ४८ ते ६४, के-व्हॅल्यू ०.०३५ ते ०.०४, मानक आयएस ८१८३. जळत नाही आणि पावसाचा आवाज सगळ्यांत चांगला मारतो. स्वयंपाकघराची चिमणी माळ्यातून जात असेल तर तिच्याभोवती दुसरं काही वापरूच नये. वासे वेडेवाकडे असले तरी त्यांच्यामध्ये दाबून बसवता येतं, कडक बोर्डासारख्या फटी राहत नाहीत. पण भिजलं की संपलं: पाणी धरतं, जड होतं, खाली बसतं. म्हणून वर दुसरा जलरोधक थर असेल तरच. हाताळताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट.

*ग्लासवूल* रॉकवूलसारखंच, हलकं आणि स्वस्त, पण उतारावर लवकर घसरतं. आडव्या छतावर ठीक.

*थर्मोकोल.* स्वस्त, के-व्हॅल्यूही वाईट नाही. मात्र उंदीर त्यात बोगदे काढतात, मुंग्या वारुळं करतात, आणि पांढऱ्या गोळ्या खोलीभर पडू लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. माळ्यात नको.

*फवारायचा फोम, कौलांच्या पोटाला.* दाखवायला झकास, एका दिवसात काम फत्ते. आमचा त्याला ठाम विरोध. कौलं एकमेकांना आणि रिपांना चिकटून एकसंध होतात. माकडाने एक फोडलं तर तेवढंच बदलता येत नाही, शाकारणी करता येत नाही, गळती कुठून होते ते दिसत नाही आणि रिपा फोमच्या आत कुजतात. कौलारू छपराचं सगळं शहाणपण हेच की कौल उचलून बदलता येतं, आणि फोम नेमकं तेच संपवतो.

*काथ्याचे बोर्ड* स्थानिक आहेत, कोरड्या जागी चालतात, पण चार महिने दमट राहणाऱ्या छपरात बुरशी धरतात. त्रिकोणी भिंतीच्या आतल्या बाजूला वापरा. मंगळुरी कौलांखाली लावायची सपाट सीलिंग कौलं ज्या घरांत अजून शाबूत आहेत, त्यांनी ती काढू नयेत. दोन थर आणि मधली हवा, ही जुनी युक्ती पहिली धग चांगली अडवते. त्यांच्याखाली ३० मिमी एक्सपीएस पुरेसं होतं.

आतल्या आच्छादनाला १२.५ मिमी ओल-रोधक जिप्सम बोर्ड किंवा ८ मिमी फायबर सिमेंट बोर्ड. गळतीची शंका असेल तर सिमेंट बोर्ड घ्या. पीव्हीसी पॅनेल आगीत विषारी धूर सोडतात, आणि फोमवर जे आच्छादन असतं त्याचं पहिलं काम आग अडवणं हेच.

रचना: वासे मोकळे ठेवा

जुन्या घरांत वासे गोल, वाकडे आणि असमान अंतरावर असतात. त्यांच्यामध्ये कडक बोर्ड कापून बसवायला गेलात तर प्रत्येक बाजूला बोटभर फट राहते, आणि दमट हवा तेवढ्याच जागेतून फिरते. त्यापेक्षा इन्सुलेशन वाशांच्या खाली, सलग थराने लावा. वासे वरच्या वाहत्या हवेत राहतात, लाकूड दिसतं आणि तपासता येतं. वरून खाली थर असे: कौलं, आडव्या रिपा, उभ्या पट्ट्या, फॉइल, वासे आणि त्यांच्यामधली मोकळी हवा, ५० मिमी एक्सपीएस, २५ मिमीच्या पट्ट्या, बोर्ड. वाशांच्या खाली एकूण ८७ ते ९० मिमी जातात.

कौलं उतरवायची तयारी नसेल तर फॉइल खालून, वाशांच्या बाजूंना पट्ट्या ठोकून, रिपांपासून ४० मिमी खाली ताणता येतो. धग अडते, पण गळलेलं पाणी बाहेर पन्हळीत नेणारा थर मिळत नाही. अशा घरात रॉकवूल वापरू नका. पाच-सात वर्षांत कौलं परतायची वेळ येणारच असेल, तर आताच उतरवून नीट करा.

काम, क्रमाने

१. पावसाळा संपल्यावर, डिसेंबरात सुरुवात. छप्पर एकदम उघडू नका. एका पाख्याचे दोन-तीन मीटर, ते पूर्ण झाल्यावर पुढचे. अवकाळी पावसासाठी ताडपत्री हाताशी ठेवा.

२. फॉइल वळचणीपासून वर, आडव्या पट्ट्यांनी पसरा. वरचा थर खालच्यावर १५० मिमी चढवा. दोन वाशांमध्ये बोटभर झोळ राहू द्या, म्हणजे पाणी मधून वाहतं, खिळ्यांजवळ साचत नाही. खालची कड पन्हळीत उतरली पाहिजे, भिंतीच्या माथ्यावर संपता कामा नये. आढ्यापाशी दोन्ही बाजूंनी ५० मिमी अलीकडे थांबा, म्हणजे गरम हवेला वाट राहते.

३. प्रत्येक वाशावर फॉइलच्या वरून २५ मिमी जाडीची उभी पट्टी ठोका, किनाऱ्याजवळ ३८ मिमी. ही पट्टी गाळली की रिपा फॉइल दाबून टाकतात, हवा फिरत नाही आणि प्रत्येक रिपेमागे कचरा आणि पाणी अडतं. कामगार नेमकी हीच पट्टी ‘लागत नाही’ म्हणतात. लागते.

४. रिपांचं अंतर साधारण ३२० मिमी असतं, पण आपल्या कौलांवरूनच मोजून घ्या. वेगवेगळ्या भट्ट्यांची कौलं पाच-दहा मिमीने बदलतात. कौलं परत लावताना वळचणीच्या आणि आढ्याच्या दोन-दोन ओळी तांब्याच्या किंवा स्टेनलेस तारेने रिपांना बांधा. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतर तरी हे सांगावं लागू नये.

५. वळचणीला सलग २५ मिमीची फट ठेवा आणि तिला ६ मिमी भोकांची स्टेनलेस जाळी लावा. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी धूळ आणि कोळिष्टकांनी एका वर्षात बुजते. ६ मिमीतून उंदीर शिरत नाही, मग उदमांजराचं तर नावच नको. आढ्यावरची कौलं चुना-सिमेंटात पक्की बसवलेली असतील तर वरची वाट बंद असते. तिथे आढ्याखालच्या दुसऱ्या ओळीत दर दीड-दोन मीटरला हवेचं कौल बसवा. खालून हवा आत आणि वरून बाहेर, यांतलं एक जरी नसलं तरी दोन्ही फुकट.

६. छपरावर पाणी मारून पाहा. पाइपाने खालून वर, एका जागी दहा-पंधरा मिनिटं. आत कोणीतरी टॉर्च घेऊन उभं हवं.

७. आता आतून. वाशांच्या खाली दोरी धरून एक सपाट रेषा काढा आणि जिथे वासा वर गेला आहे तिथे लाकडी पाचरी ठोका. एक्सपीएसचे बोर्ड विटांसारखे, सांध्यावर सांधा न आणता लावा, म्हणजे चार कोपरे एका ठिकाणी येणार नाहीत. भिंतीपासून १० मिमी जागा सोडा आणि ती नंतर कॅनमधल्या पीयू फोमने भरा. बोर्ड-बोर्डाचे सांधे वरच्या बाजूला टेपने बंद करता आले तर उत्तम. बहुतेकदा हात पोचत नाही, तेव्हा बोर्ड चढवण्याआधी कडेला फोमची बारीक रेघ द्या आणि खालून टेप मारा. टेप कोरड्या, पुसलेल्या पृष्ठभागावरच धरते. जूनमध्ये लावलेली टेप जुलैत लोंबते.

८. २५ × ५० मिमीच्या पट्ट्या एक्सपीएसखालून, वाशांना आडव्या, ४०० मिमी अंतरावर. स्क्रू पट्टी आणि बोर्ड ओलांडून वाशात किमान ४० मिमी गेला पाहिजे, म्हणजे १२० मिमी लांबीचा. किनारपट्टीवर स्टेनलेस ३१६, आतल्या तालुक्यांत ३०४ चालेल. साधा काळा ड्रायवॉल स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतो आणि रंगातून तपकिरी ठिपका होऊन बाहेर दिसतो.

९. वायरिंग याच २५ मिमीच्या पोकळीतून, २० मिमी कंड्युटमध्ये. वायर एक्सपीएसला थेट टेकवू नका, कारण पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य फोममध्ये उतरतं आणि वायरीचं कवच कडक पडून तडकतं. फॉइलजवळून वायर नेऊच नका, तो वीज वाहतो. छतात खोचायचे दिवे टाळा. प्रत्येक दिव्यासाठी इन्सुलेशनला भोक पडतं. भिंतीवरचे किंवा वरून लावायचे दिवे घ्या.

१०. शेवटी बोर्ड, स्क्रू २०० ते २५० मिमीवर. पण सवड असेल तर इथे थांबा आणि एक पावसाळा बोर्ड न लावता जाऊ द्या. एक्सपीएस उघडं असताना खोली वापरायची नाही, फक्त पाहायचं. सप्टेंबरात बोर्ड चढवा. घाई असेल तर निदान वळचणीच्या बाजूची एक ओळ आणि आढ्याजवळची एक ओळ स्क्रू काढून उतरवता येईल अशी ठेवा. सांधे भरून रंगवून टाकू नका.

किती माल लागेल

खोली ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद, छपराचा उतार ३५ अंश, असं धरू. एका पाख्याची आतली लांबी ३.६६ मीटर, म्हणजे दोन्ही मिळून ५१ चौरस मीटर. दहा टक्के कापाकापी धरून ५७.

एक्सपीएसचा बोर्ड ०.७५ चौरस मीटरचा, म्हणजे ७६ बोर्ड. जिप्समचा १८३० × १२२० मिमीचा बोर्ड घेतला तर २६. आतल्या पट्ट्या १४० मीटर. लांब स्क्रू चौरस मीटरला पाच धरून ३००. टेप १४० मीटर. फॉइल वाशांच्या पूर्ण लांबीवर जातो, म्हणून बाहेरची वळचण ०.६ मीटर मिळवा: १.२ मीटर रुंदीच्या रोलचे ६० मीटर.

एक्सपीएसचं वजन दर चौरस मीटरला पावणेदोन किलो, जिप्समचं ९ ते १०, पट्ट्या आणि स्क्रू धरून सगळं मिळून १५ च्या आत. कौलांचं वजन चौरस मीटरला ४० किलोच्या आसपास असतं, तेव्हा धडधाकट वाशांना हा भार जाणवण्यासारखा नाही. दगडी फरशी किंवा जाड प्लायचं छत टांगायचा विचार मात्र सोडा.

त्रिकोणी भिंती यात नाहीत. चिऱ्यांची जाड भिंत पूर्वेकडे असेल तर काही करायची गरज नाही. पश्चिमेकडची असेल तर आतून २५ मिमी एक्सपीएस आणि बोर्ड लावा, किंवा त्याआधी बाहेर सावली करता येते का बघा. सावली नेहमीच स्वस्त पडते.

पहिल्या पावसाळ्यात काय पाहायचं

छताला ओल दिसली की आधी ती गळती की दव, हे ओळखा. गळतीचा डाग जोराच्या पावसानंतर काही तासांत येतो, एकाच जागी, कडेला तपकिरी रेघ असते. दवाची ओल पाऊस नसतानाही दिसते, एसीच्या झोताखाली किंवा स्क्रूंच्या डोक्यांवर ओळीने, आणि एसी दोन दिवस बंद ठेवला की जाते. पहिलीसाठी कौलं उघडा. दुसरीसाठी भिंतीलगतच्या कडा आणि सांधे पुन्हा बंद करा आणि एसी २६ वर ठेवा. एसी गरजेपेक्षा मोठा घेतला असेल तर तो खोली पटकन गार करून थांबतो, हवेतला दमटपणा मात्र तसाच राहतो. इन्सुलेशन नीट झालेल्या या मापाच्या खोलीला दीड टन सहसा पुरतो.

खोली दुपारी तीनला ठीक आणि रात्री आठला उकडते, असं झालं तर इन्सुलेशनला दोष देऊ नका. आढ्याजवळ गरम हवा अडकली आहे. हवेची कौलं बुजली आहेत का पाहा, आणि त्रिकोणी भिंतीत वरच्या टोकाला एक लहान एक्झॉस्ट पंखा बसवा.

कुबट वास आला, पण ओल दिसत नाही, तर वळचणीची काढता येणारी ओळ उतरवून वाशांच्या टोकांना मीटर लावा. घर पावसाळाभर कुलूपबंद राहणार असेल तर माळ्याचं दार उघडं टाका, त्रिकोणी भिंतीतल्या जाळीच्या खिडक्या किलकिल्या ठेवा, आणि शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा तासभर पंखा लावायला सांगा. शाकारणीला येणाऱ्या माणसांना दर वर्षी आठवण करून द्या की पाय रिपेवर वाशाच्या जागी ठेवायचा, मधे नाही. खाली फॉइल आहे आणि एकदा पाय आरपार गेला की त्या भोकाखालचा बोर्ड पुढच्या पावसात भिजतो.